प्रतीक्षेची कथा : फ्रिट्झ लांग यांच्या 'एम' या चित्रपटाच्या प्रारंभदृश्यातील तंत्र आणि आशय

१. प्रास्ताविक

गुन्ह्याची कथा सांगणाऱ्या कलाकृतीचा प्रारंभ कोठून व्हावा, हा केवळ रचनेचा प्रश्न नाही. प्रारंभबिंदूच्या निवडीतच गुन्हा ही कोणाच्या आयुष्यातील घटना मानावयाची, याचा निर्णय दडलेला असतो. त्स्वेतान तोदोरोव यांनी १९६६ साली रहस्यकथेच्या प्रकारांचे विवेचन करताना तिच्यात दोन कथा असतात असे दाखवून दिले : एक गुन्ह्याची आणि दुसरी शोधाची. पहिली घडून गेलेली व अनुपस्थित. दुसरी उपस्थित, पण स्वतःचे असे महत्त्व नसलेली, पहिलीकडे नेणारी. ही मांडणी आपल्याकडील साहित्याभ्यासात परिचित आहे. रहस्यकथेच्या आरंभी सापडणारे प्रेत हा या दोन कथांना जोडणारा दुवा असतो. ज्याचे ते प्रेत असते त्याची वाट पाहणारे कोणी असेल, तर त्याला या मांडणीत जागा नसते.

जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचा 'एम' हा चित्रपट मे १९३१ मध्ये बर्लिन येथे प्रथम प्रदर्शित झाला. पटकथा थेआ फॉन हार्बू आणि लांग यांची, छायाचित्रण फ्रिट्झ आर्नो वाग्नर यांचे. लांग यांचा हा पहिला बोलपट. लहान मुलींचे खून करणारा हान्स बेकर्ट, त्याच्या शोधासाठी शहर पिंजून काढणारे पोलीस, आणि पोलिसांच्या ससेमिऱ्याने धंदा बुडू लागल्यामुळे त्याचा शोध स्वतःच हाती घेणारे गुन्हेगारांचे जग असे त्याचे कथानक आहे. त्याचे सात-आठ मिनिटांचे प्रारंभदृश्य चित्रपटविषयक लेखनात वारंवार उल्लेखिले जाते. हा उल्लेख बहुधा 'खून न दाखविता सूचित केला आहे' या एका विधानापाशी थांबतो. विधान खरे आहे, परंतु अपुरे आहे. या दृश्यात लांग यांनी गुन्ह्याची कथा आणि शोधाची कथा यांच्या आधी एक तिसरी कथा उभी केली आहे. ती प्रतीक्षेची कथा होय. नाद, संकलन, घड्याळ आणि वस्तू ही दृश्यातील तंत्रे या तिसऱ्या कथेच्या सेवेला कशी लावली आहेत, आणि त्यामुळे पुढील संपूर्ण चित्रपटाचे नैतिक माप कसे निश्चित होते, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

परिभाषेविषयी एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. 'ध्वनी' हा शब्द आपल्याकडे आवाज आणि काव्यशास्त्रातील सूचितार्थ अशा दोन्ही अर्थांनी रूढ आहे. येथे पहिल्या अर्थी 'नाद' आणि दुसऱ्या अर्थी 'ध्वनी' वा 'व्यंजना' असे शब्द योजिले आहेत.

२. दृश्याचे स्वरूप

प्रथम काळा पडदा. त्या अंधारातून एका मुलीचा आवाज येतो. राज्य कोणावर हे ठरविताना मुले जसे मोजणीगाणे म्हणतात, तसे ते गाणे आहे. मग उंचावरून टिपलेले चित्र दिसते : भाड्याच्या बिऱ्हाडांनी भरलेल्या इमारतीचे अंगण, मुलांचे कडे आणि मध्यभागी उभी राहून एकेकाकडे बोट दाखवीत त्याला बाद करणारी मुलगी. कॅमेरा वर सरकतो. कपड्यांचे ओझे नेणारी एक स्त्री सज्ज्यातून मुलांना दटावते. मुले गप्प होतात. ती वळताच पुन्हा सुरू करतात. जिना चढून ती बेकमानबाईंच्या दाराशी येते आणि मुलांच्या या अभद्र गाण्याविषयी कुरकुर करते. धुण्यात गुंतलेल्या बेकमानबाई सहज उत्तर देतात : गाणे ऐकू येत आहे तोवर मुले जागेवर आहेत, एवढे तरी कळते.

भिंतीवरचे घड्याळ बारा वाजल्याची वर्दी देते. बाईंच्या चेहऱ्यावर हसू उमटते. एल्सीच्या परतण्याची ही वेळ आहे. शाळेच्या दाराशी एल्सी मैत्रिणीचा निरोप घेते, रस्त्यावर पाऊल टाकते आणि मोटारीच्या भोंग्याने दचकून मागे येते. एक पोलीस तिला रस्ता ओलांडून देतो. घरी बाई जेवणाची तयारी करीत आहेत. एल्सी चेंडू आपटीत चालली आहे. जाहिराती चिकटविण्याच्या एका गोल खांबावर ती चेंडू मारू लागते. त्या खांबावर पोलिसांचे पत्रक आहे : दहा हजार मार्कांचे इनाम, आणि खुनी कोण हा प्रश्न. पत्रकावर टोपी घातलेल्या पुरुषाची सावली पडते. ती सावली चेंडूचे कौतुक करून मुलीला नाव विचारते.

यानंतर दृश्य घर आणि रस्ता यांच्यामध्ये फिरत राहते. जिन्यात पावले वाजतात. त्या शेजारच्या मुली असतात आणि एल्सी त्यांच्याबरोबर आलेली नसते. तिकडे तो पुरुष शीळ घालीत आंधळ्या फुगेवाल्याकडून एल्सीसाठी माणसाच्या आकाराचा फुगा विकत घेतो. दाराची घंटा वाजते. आलेला असतो तो हप्त्याहप्त्याने निघणाऱ्या सनसनाटी कथांचा नवा भाग विकणारा. घड्याळ आता सव्वा वाजल्याचे दाखविते. बाई जिन्याच्या कठड्यावरून आणि मग खिडकीतून मुलीला हाका मारतात. पडद्यावर क्रमाने येतात रिकामा जिना, वाळत घातलेल्या कपड्यांचा निर्मनुष्य माळा, आणि जेवणाच्या टेबलावरील न वापरलेली थाळी. त्यानंतर झुडपातून घरंगळत येऊन थांबणारा चेंडू. शेवटी तारांत अडकलेला आणि मग वाऱ्याने निघून जाणारा फुगा.

३. नादाची कसोटी

बेकमानबाईंचे वरील उत्तर हे संपूर्ण दृश्याच्या वाचनाची किल्ली आहे. त्यातून एक समीकरण प्रस्थापित होते : ऐकू येणे म्हणजे असणे. एकदा हा नियम सांगितला की पुढील प्रत्येक नाद त्याच्याशी ताडून पाहिला जातो. जिन्यातील पावले आणि दाराची घंटा हे दोन नाद बाईंना दाराकडे धाव घ्यावयास लावतात आणि दोन्ही वेळा फसवितात. तिसऱ्या वेळी बाई स्वतःच नाद निर्माण करतात. त्या हाक मारतात. या हाकेला उत्तर येत नाही. नियमानुसार या निरुत्तरतेचा अर्थ एकच होतो. तो अर्थ कोणीही उच्चारीत नाही. प्रेक्षक तो स्वतः काढतो, कारण नियम त्याला आधीच शिकविला गेला आहे.

बोलपटाच्या त्या प्रारंभकाळात नादाचा असा उपयोग विशेष लक्षणीय ठरतो. बोलू लागलेला चित्रपट बोलण्याच्या हौसेत बुडालेला असताना लांग यांनी नादाचे महत्त्व त्याच्या अभावातून सिद्ध केले. 'एम' मध्ये पार्श्वसंगीत नाही. त्यामुळे शांतता ही संगीताच्या दोन तुकड्यांमधील पोकळी न राहता स्वतंत्र अर्थघटक होते. ज्या उत्तरकालीन प्रतींत रिकाम्या जागा भरण्यासाठी आवाज जोडले गेले, त्यांवरून हे दृश्य शिकविणे म्हणजे कवितेतील यतिस्थानी शब्द घालून ती शिकविण्यासारखे होय.

हाकेची योजनाही बारकाईने पाहण्याजोगी आहे. हाक मारणाऱ्या बाई पडद्यावरून नाहीशा होतात, पण हाक उरते. ती रिकाम्या जिन्यावरून, माळ्यावरून, थाळीवरून जाते आणि दुरावत जाते. नाद एका ठिकाणचा आणि चित्र दुसऱ्या ठिकाणचे अशी ही रचना आहे. आईचा आवाज जेथवर पोहोचू शकतो, तेथवरचे जग प्रथम दाखविले जाते. चेंडू आणि फुगा येतात तोवर तो आवाज विरून गेलेला असतो. घर आणि खुनाची जागा यांतील अंतर लांग यांनी अशा प्रकारे आवाजाच्या टप्प्याने मोजले आहे.

या नियमाचा दुसरा ध्रुव म्हणजे शीळ. एडवर्ड ग्रीग यांच्या 'पीअर गिंट' मधील एक स्वरावली खुनी शीळेवर वाजवितो. प्रेक्षकाला त्याचा चेहरा अद्याप दिसलेला नाही. सावली, पाठ, आवाज आणि शीळ एवढ्याच खुणा हाती आहेत. पुढे हीच शीळ पुन्हा कानी पडताच आंधळा फुगेवाला खुन्याला ओळखतो, आणि तेथूनच त्याच्या पाठलागाला सुरुवात होते. ज्या दृश्यात आई कान लावून बसलेली असूनही तिला काही ऐकू येत नाही, त्याच दृश्यात गुन्ह्याचा उलगडा करणारा कानही उपस्थित आहे. मात्र त्याला आपण काय ऐकत आहोत हे त्या क्षणी ठाऊक नसते.

४. संकलन आणि घड्याळ

घर आणि रस्ता यांच्या आलटूनपालटून येणाऱ्या चित्रांची पद्धती, म्हणजे समांतर संकलन, मूकपटांच्या काळापासून रूढ होती. ग्रिफिथ यांच्या चित्रपटांत ती सुटकेच्या प्रसंगांसाठी वापरली गेली : एकीकडे संकटात सापडलेले माणूस, दुसरीकडे धावून येणारी मदत, आणि शेवटी दोन्ही धाग्यांची भेट. या पद्धतीने प्रेक्षकात एक अपेक्षा रुजविली होती, ती म्हणजे समांतर धागे अखेरीस जुळतात. लांग तीच पद्धती घेतात आणि जुळणी नाकारतात. आई आणि मुलगी एकाही चित्रचौकटीत एकत्र येत नाहीत. तंत्र तेच असले तरी त्याने दिलेले वचन मोडले जाते, आणि या वचनभंगातच दृश्याची वेदना आहे.

या संकलनाने प्रेक्षक आणि आई यांच्या ज्ञानात तफावत निर्माण होते. सावली प्रेक्षकाने पाहिली आहे; आईने नाही. तरीही लांग कॅमेरा पुन्हा पुन्हा आईकडेच आणतात. ऑर्सन वेल्स यांच्या 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) या चित्रपटाच्या प्रारंभाशी याची तुलना उद्बोधक ठरेल. तेथे मोटारीत बॉम्ब ठेवला जातो आणि तीन मिनिटांहून अधिक काळ न तुटणाऱ्या एकाच चित्रणातून कॅमेरा मोटारीच्या आसपास फिरत राहतो. तेथेही प्रेक्षकाला पात्रांहून अधिक ठाऊक आहे. परंतु तेथे त्याच्यापुढचा प्रश्न 'केव्हा' असा आहे आणि त्याचे उत्तर स्फोटाने मिळते. 'एम' मध्ये स्फोट नाही. घटना कोणत्या क्षणी घडली हे सांगताच येत नाही. ती दोन चित्रांच्या मधल्या जागेत कोठेतरी घडून गेलेली असते. अखंड चित्रण काळाची सलगता देते, तर येथील तुटक संकलन काळातील एक छिद्र दाखविते.

घड्याळाचे कार्य या संदर्भात समजून घ्यावयास हवे. सामान्यतः गुन्हेपटातील घड्याळ तपासाच्या उपयोगी पडते. त्यावरून खुनाची वेळ ठरते. येथील घड्याळ स्वयंपाकघरातले आहे आणि त्यावरून फक्त जेवणाला झालेला उशीर कळतो. बाराचे टोल आनंदाचे आहेत. वीस मिनिटांनी ते घड्याळ काळजीचे कारण होते. सव्वा वाजता त्याच्याकडे पाहवत नाही. घड्याळ बदललेले नाही, पाहणारी दृष्टी बदलली आहे. लांग यांनी बाईंच्या चेहऱ्यावर भावनांचा उद्रेक कोठेही दाखविलेला नाही. तीनदा पाहिलेले एक घड्याळ ते काम करते.

५. वस्तू : प्रतीक की इतिहास?

अध्यापनात या दृश्याची चर्चा बहुधा प्रतीकांच्या शोधाने सुरू होते आणि तेथेच संपते. चेंडू म्हणजे मृत्यू, फुगा म्हणजे आत्मा, सावली म्हणजे पाप अशी समीकरणे विद्यार्थी उत्साहाने मांडतात. या वाचनात दोष असा की ते प्रत्येक वस्तूला दृश्याबाहेरून अर्थ चिकटविते. झुडपातून आलेला कोणताही चेंडू मृत्यूचा अर्थ देणार नाही. हा चेंडू तो अर्थ देतो, कारण तो कोणाच्या हातात होता, कोणत्या पत्रकावर आपटला, आणि त्याचे कौतुक कोणी केले हे प्रेक्षकाने पाहिले आहे. फुगा माणसाच्या आकाराचा आहे आणि तो खुन्याने दिलेला आहे. तारांत अडकून तो क्षणभर हिसके देतो आणि मग सुटतो. वस्तूंना अर्थ लाभतो तो दृश्यातील त्यांच्या इतिहासामुळे.

याचे प्रत्यंतर एका साध्या कल्पनाप्रयोगाने येते. शेवटच्या चित्रांचा क्रम उलटा केला, म्हणजे आधी फुगा व चेंडू आणि शेवटी थाळी दाखविली, तर काय होईल? खुनाची बातमी आधी कळेल आणि थाळी हा तिच्यावरील करुण अभिप्राय होईल. लांग यांच्या क्रमात थाळी आधी येते. त्या क्षणी आशा संपलेली नसते. थाळी अजून वाढली जाऊ शकते. म्हणूनच ती अधिक असह्य होते. घरातील वस्तूंकडून खुनाच्या जागेतील वस्तूंकडे जाणारा हा क्रम प्रेक्षकाला आईच्या जागी उभे करूनच पुढे नेतो.

संस्कृत काव्यशास्त्राची परिभाषा येथे उपयोगी पडते. 'एल्सीचा खून झाला' हा सूचित अर्थ म्हणजे आनंदवर्धनाच्या परिभाषेत वस्तुध्वनी होय. तो वाच्य वाक्यानेही सांगता आला असता. प्रतीकशोधक वाचन एवढ्यावर थांबते. परंतु दृश्याचे सामर्थ्य वाच्यार्थाने कधीच न सांगता येणाऱ्या रसध्वनीत आहे. तो रस कोणता? करुण असे उत्तर चटकन सुचते. मात्र करुणाचा स्थायी शोक आहे, आणि शोकासाठी नाशाचे ज्ञान हवे. बेकमानबाईंना ते ज्ञान झालेले नाही. त्यांच्या ठिकाणी आहेत ते औत्सुक्य, शंका, चिंता, त्रास हे व्यभिचारी भाव. एकेक भाव उठतो आणि दुसऱ्याला जागा देतो. स्थायीपर्यंत त्यांना पोहोचू दिले जात नाही. शोक तेवढा प्रेक्षकाच्या मनात सिद्ध होतो, आणि तोही अशा पात्राविषयी की ज्याला स्वतःच्या शोकाची अद्याप वार्ता नाही. प्रतीक्षेच्या कथेचे मर्म या विषम वाटणीत आहे.

रंगभूमीवर मृत्यू प्रत्यक्ष दाखवू नये हा संकेत जुना आहे. भरताने मरणासारख्या घटना अंकात न दाखविता प्रवेशकादींच्या द्वारा सूचित कराव्यात असे सांगितले. ग्रीक शोकांतिकेत बहुधा दूत येऊन मृत्यूचा वृत्तान्त कथन करतो. लांग यांचे तंत्र या परंपरेशी जुळते, पण एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळे आहे. त्यांच्या दृश्यात दूत नाही. दारात येतो तो सनसनाटी कथांचा विक्रेता. त्याच्याजवळ रोमहर्षक मजकूर भरपूर आहे, पण हवी असलेली वार्ता नाही. मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी घडविलेला वाचक पुढच्या पुस्तकाची वाट ज्या औत्सुक्याने पाहत असे, ते औत्सुक्य सुखद होते. या दारात तसे विकाऊ औत्सुक्य आणि आईचे औत्सुक्य समोरासमोर उभे राहतात. गुन्ह्याची करमणूक करणाऱ्या कलाप्रकारावर त्याच प्रकारातील कलाकृतीने केलेले हे भाष्य आहे. मुलांच्या मोजणीगाण्यातही तेच सूत्र आहे. ते हानोव्हर येथील फ्रिट्झ हारमान या खुन्यावरील प्रचलित गाण्यावरून घेतलेले आहे. १९२५ मध्ये देहान्ताची शिक्षा झालेला एक खरा खुनी काही वर्षांत अंगणातील खेळाचा विषय झाला होता.

६. एक आक्षेप

न दाखविणे हे नेहमीच दाखविण्यापेक्षा अधिक सभ्य असते काय? स्वतः लांग यांनी पुढील काळात आपल्या तंत्राचे स्पष्टीकरण करताना, खून न दाखविल्यामुळे प्रत्येक प्रेक्षक आपल्या मनातील सर्वांत भयंकर कल्पना त्या जागी ठेवतो, अशा आशयाचे विचार व्यक्त केले. या स्पष्टीकरणावर आक्षेप घेता येतो. प्रेक्षकाला खुनाची कल्पना करावयास लावणे म्हणजे त्याच्या विकृत कुतूहलाला मोकळे रान देणे नव्हे काय? सूचनेच्या आवरणाखाली अधिक उत्तेजक परिणाम साधणारे गुन्हेपट पुढे विपुल झाले, हे लक्षात घेता आक्षेप निराधार म्हणता येत नाही.

परंतु प्रत्यक्ष दृश्य लांग यांच्या स्पष्टीकरणापेक्षा अधिक काटेकोर आहे. प्रेक्षकाची कल्पनाशक्ती येथे मोकळी सोडलेली नाही. तिला जिना, माळा, थाळी या क्रमाने बांधून नेले आहे. खुन्याने काय केले याची कल्पना करण्यास चित्रांत कोणतेही साहित्य नाही; कोण परतले नाही याची जाणीव होण्यास मात्र सर्व साहित्य आहे. सूचक तंत्राचे नैतिक मूल्य काय वगळले यावरून ठरत नाही. वगळलेल्या जागेकडे कोणत्या दाराने नेले, यावरून ते ठरते.

७. समारोप

प्रारंभदृश्य संपताच वृत्तपत्रविक्रेत्यांच्या आरोळ्या सुरू होतात आणि एल्सी ही सार्वजनिक बातमी होते. त्यानंतर पोलीस, पुढारलेले नागरिक, गुन्हेगार, भिकारी अशा सर्वांची कथा चालू राहते. प्रत्येकाला खुनी हवा आहे आणि प्रत्येकाचे कारण वेगळे आहे. अखेरीस गुन्हेगारांनी भरविलेल्या न्यायसभेत बेकर्ट आपल्या अनावर प्रेरणेची कैफियत मांडतो. पीटर लोरे यांच्या अभिनयामुळे ती कैफियत इतकी प्रभावी झाली आहे की प्रेक्षकाची सहानुभूती क्षणभर त्याच्याकडे झुकते. हा झुकाव दिग्दर्शकाला अभिप्रेत आहे. तो धोकादायक ठरत नाही याचे कारण तराजूचे दुसरे पारडे चित्रपटाच्या पहिल्या काही मिनिटांतच भरून ठेवलेले आहे.

चित्रपट संपतो तो शोकवस्त्रे घातलेल्या तीन स्त्रियांवर. त्यांत बेकमानबाई आहेत. कोणत्याही शिक्षेने मुले परत येणार नाहीत आणि मुलांवर अधिक लक्ष ठेवले पाहिजे, एवढेच त्या सांगतात. प्रारंभी ज्यांना शोक करू दिला नव्हता त्यांच्याकडे शोक शेवटी परत येतो. गुन्ह्याची कथा आणि शोधाची कथा येथे संपलेल्या आहेत. प्रतीक्षेची कथा तेवढी उरली आहे, कारण तिला संपविणारी व्यक्ती परतणार नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला या दृश्यातून मिळणारी दृष्टी केवळ चित्रपटापुरती मर्यादित नाही. गुन्ह्याविषयीची कोणतीही संहिता, मग ती कादंबरी असो, नाटक असो वा वृत्तकथा, हाती घेताना खुनी कोण आणि तो कसा सापडला या प्रश्नांबरोबरच आणखी एक प्रश्न विचारावयास हवा : या कथनात कोणाची थाळी मांडलेली आहे, आणि निवेदकाने ती आपल्याला केव्हा दाखविली?